न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : मराठी शाळेतून उच्च न्यायालयाकडे

मुंबईतील अमरचंद वाडीच्या मराठी शाळेत सुमारे १८५५ साली पाच वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग. पुढे हाच मुलगा मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला आणि मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसणारा पहिला भारतीय ठरला. अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने हिंदू धर्मशास्त्र, इंग्रजी कायदा आणि मराठी भाषा या तिन्हींची सेवा केली.

तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईस झाला. १८५९ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे तेजस्वी आणि करारी शिक्षक त्यांना लाभले. गुरुशिष्याचे हे नाते पुढे जिवलग मैत्रीत बदलले. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी एम. ए. आणि एलएल. बी. या पदव्या संपादन केल्या व १८७२ मध्ये अ‍ॅडव्होकेटची कठीण परीक्षा देऊन उच्च न्यायालयात सनद घेतली.

त्या काळातील न्यायालयाची रचना समजून घेतल्याशिवाय या यशाचे मोल कळत नाही. १८६२ मध्ये जुने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र करून मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले. त्याच्या दोन शाखा होत्या. मुंबई शहरातील मोठे दावे मूळ शाखेत प्रथमच चालत आणि तेथे इंग्रज बॅरिस्टरांचे वर्चस्व असे. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी अपिले अपील शाखेत चालत व तेथे देशी वकिलांची ये-जा असे. बाळ मंगेश वागळे यांनी मूळ शाखेचे दार भारतीयांसाठी प्रथम उघडले आणि तेलंग त्यांच्या पावलावर पाऊल टाकून आत गेले.

अपिलाचे काम स्वभावतःच निराळे असते. तेथे सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या न्यायालयात जे नोंदले गेले, त्या कागदांवरच युक्तिवाद उभा करावा लागतो. खालच्या न्यायाधीशाने कायद्याचा अर्थ बरोबर लावला की नाही, हाच बहुधा प्रश्न असतो. तेथे आवाजापेक्षा वाचन अधिक उपयोगी पडते. पूर्वी हिंदू कायद्याचा प्रश्न निघाला की न्यायालयाचे शास्त्री मत देत; परंतु १८६४ मध्ये ती पदे रद्द झाली. त्यानंतर इंग्रज न्यायाधीशांना मिताक्षरा आणि व्यवहारमयूख हे ग्रंथ मुख्यतः भाषांतरांतूनच वाचावे लागत. अशा वेळी मूळ संस्कृत वचन उघडून त्याचा संदर्भासह अर्थ सांगणारा आणि तोही निर्दोष इंग्रजीत सांगणारा वकील न्यायालयास मिळाला. तेलंगांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. सरकारी नोकरीचा देकारही त्यांनी नाकारला.

मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून निर्णय द्यायचा नाही, ही शिस्त त्यांनी न्यायालयाबाहेरही पाळली. रामायण हे होमरच्या काव्यावरून घेतले असावे, असे मत जर्मन पंडित वेबर यांनी मांडले होते. १८७३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेलंगांनी त्याचे मुद्देसूद खंडन केले. भर्तृहरीची नीतिशतक व वैराग्यशतक ही काव्ये आणि विशाखदत्ताचे मुद्राराक्षस नाटक त्यांनी संपादिले. १८८२ मध्ये मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मराठीलाही ते विसरले नाहीत. जर्मन नाटककार लेसिंग यांच्या धर्मसहिष्णुतेवरील नाथानच्या नाटकाला त्यांनी मराठी रूप दिले.

१८८२ मध्ये सरकारने साऱ्या देशाच्या शिक्षणपद्धतीचा विचार करण्यासाठी हंटर आयोग नेमला. त्यात तेलंग सभासद होते. महाविद्यालयांतून नीतिशिक्षणासाठी एक पाठ्यपुस्तक तयार करावे, ही सूचना त्यांना पटली नाही. पुस्तकातील धड्यांनी शील घडत नाही. ते घडते शिक्षकाच्या सहवासात आणि शिक्षणाच्या एकूण वातावरणात, असा त्यांचा विश्वास होता. आयोगाच्या अहवालास त्यांनी आपली स्वतंत्र टिपणी जोडली. परमानंद मास्तरांच्या विद्यार्थ्याने असे लिहावे, यात नवल नव्हते.

सार्वजनिक जीवनातही ते अग्रभागी होते. फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी १८८५ च्या आरंभी मुंबई प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनात भाग घेतला.

याच सुमारास त्यांच्या वकिलीची कसोटी पाहणारा खटला उभा राहिला. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला आणि पती दादाजी भिकाजी यांनी न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी दावा फेटाळला. मात्र १८८६ मध्ये सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात तो निकाल फिरवून खटला पुन्हा चालविण्यास पाठविला. मार्च १८८७ मध्ये निकाल रखमाबाईंविरुद्ध गेला आणि पतीच्या घरी न गेल्यास त्यांच्यावर कारावासाची पाळी आली. अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन हा वाद मिटला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. न्यायालयात हरलेली बाजू पुढे समाजाच्या विवेकापुढे जिंकली.

तरीही तेलंगांचे चरित्र निष्कलंक यशाची कहाणी म्हणून सांगणे अन्यायाचे होईल. सामाजिक सुधारणेत जेथे विरोध कमी, तेथून पुढे जावे, असे त्यांचे मत होते. तडजोड या विषयावर त्यांनी मराठीत निबंधही लिहिला. परंतु स्वतःच्या मुलीचा विवाह त्यांनी लहान वयातच करून दिला, तेव्हा सुधारक मित्र फार दुखावले आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. विचार आणि आचार यांतील हे अंतर त्यांच्या चाहत्यांनाही झाकता आले नाही. ज्या न्यायालयात त्यांनी रखमाबाईंची बाजू मांडली, त्याहून घरचे न्यायालय त्यांना अवघड गेले.

१८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. हिंदू कायद्यावरील त्यांचे निकाल प्रमाण मानले जाऊ लागले. स्त्रीधनाच्या वारशासंबंधी १८९२ मध्ये मणिलाल रेवादत्त प्रकरणात त्यांनी दिलेला निकाल आजही अभ्यासकांना परिचित आहे. त्याहून स्मरणीय आहे ते १८९१ च्या आपाजी नरहर कुलकर्णी प्रकरणातील त्यांचे भिन्नमत. बाप आपल्या भावांबरोबर एकत्र राहत असता, बापाची संमती नसतानाही मुलास वाटणी मागता येईल काय, असा प्रश्न पूर्णपीठापुढे होता. बहुमताने हा हक्क नाकारला. तेलंग एकटे पडले. परंतु मूळ ग्रंथांच्या आधारे त्यांनी मुलाचा हक्क मान्य केला. मुंबई प्रांतात बहुमताचाच नियम राहिला. मात्र इतर प्रांतांत मुलाचा हक्क मान्य झाला आणि तेलंगांचे मत कायद्याच्या ग्रंथांतून आदराने चर्चिले गेले.

छत्तीसगडमधील मराठी कुटुंबांनाही हा विषय दूरचा नव्हता. कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले, तरी ते आपला हिंदू कायदा सोबत नेते, असे न्यायालये मानत. त्यामुळे येथे येऊन स्थायिक झालेल्या अनेक घराण्यांच्या वाटणीच्या वादात मुंबईकडील निवाड्यांचा आधार घेतला जाई. दुर्गच्या पक्षकारांची अपिले पूर्वी नागपूरला जात. १९५६ नंतर ती जबलपूरला आणि २००० पासून बिलासपूरला जाऊ लागली. न्यायालयाचे गाव बदलले, पण चुकीच्या निकालाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग खुला राहिला.

१८९२ मध्ये तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षही. ही दोन्ही पदे तोवर कोणा भारतीयास मिळाली नव्हती. पण आयुष्याची दोरी तोकडी होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. न्यायासनावरील त्यांची रिकामी जागा महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आली.

मातृभाषेत पाटी गिरवलेला मुलगा पुढे संस्कृत, इंग्रजी आणि कायदा यांच्या शिखरावर जाऊ शकतो, याचा तेलंग हे दाखला आहेत. भिलाईच्या कारखान्यासाठी या मातीत आलेल्या आणि मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या पालकांच्या मनातली जुनी शंका त्यांच्या चरित्राने फिटावी. ग्रंथ मुळातून वाचावा, पटले नाही तर एकट्यानेही आपले मत नोंदवावे आणि आपला आचार आपल्या विचाराशी ताडून पाहावा, एवढे तरी त्यांच्या यशापासून आणि त्यांच्या चुकीपासून शिकता येते.