बेगमपेठेतील डास आणि पनामाचा कालवा

15 ऑगस्ट 1914 रोजी ‘अँकॉन’ हे जहाज पनामा कालव्यातून पार झाले आणि अटलांटिक व पॅसिफिक महासागरांमधील जलमार्ग जगाला खुला झाला. अमेरिकेच्या इतिहासात या पराक्रमाचे श्रेय अभियंत्यांना आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या जिद्दीला दिले जाते. मात्र त्या यशाचा एक धागा हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादच्या लष्करी छावणीपर्यंत पोहोचतो. तेथे सर रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे कोडे सोडवले होते.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोडा येथे झाला. वडील लष्करात अधिकारी. मुलाचा ओढा चित्रकला आणि साहित्याकडे होता, पण वडिलांच्या आग्रहापुढे त्याचे काही चालले नाही. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन 1881 साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. तरीही कविता, कादंबऱ्या आणि गणित यांतच त्यांचे मन अधिक रमे. 1894 साली रजेवर असताना पॅट्रिक मॅन्सन यांची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढत असावा, असे मॅन्सन यांचे अनुमान होते. ते सिद्ध करण्याचा ध्यास घेऊनच रॉस 1895 मध्ये सिकंदराबादला आले.

पुढची दोन वर्षे निराशेची गेली. चुकीच्या जातीचे डास फाडण्यात किती दिवस वाया गेले! मध्येच कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला जावे लागले. उटकमंडच्या परिसरात तर स्वतःलाच हिवतापाने गाठले. 1897 च्या ऑगस्टमध्ये बेगमपेठेतील रुग्णालयात हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण त्यांना मिळाला. ठिपकेदार पंखांचे डास त्याला चाववून घेण्यात आले. प्रत्येक डासामागे एक आणा, असे दहा डासांचे दहा आणे त्याला मिळाले. 20 ऑगस्टला उकाडा असह्य होता. पंख्याच्या वाऱ्याने फाडलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, नेत्रभिंगाला तडा गेलेला. अशा स्थितीत डासाच्या जठराच्या भित्तिकेत परजीवीच्या पेशी रॉस यांना दिसल्या. त्या आनंदात त्यांनी कविताही लिहिली.

लवकरच त्यांची राजपुतान्यातील खेरवाड्याला बदली झाली. उरलेले काम त्यांनी 1898 मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवरील प्रयोगांतून पूर्ण केले. 1902 साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. इटलीच्या ग्रासी यांच्याशी श्रेयासाठी झालेला वाद मात्र शमला नाही. रॉस यांचा स्वभावही, खरे सांगायचे तर, वाद मिटवणाऱ्याचा नव्हता.

पनामात 1880 च्या दशकात फ्रेंचांनी कालवा खोदायला घेतला, तेव्हा पीतज्वर आणि हिवतापासह विविध रोगांनी सुमारे 22 हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले जात आणि त्याच पाण्यात डास पैदास करत. 1904 साली अमेरिकेने काम हाती घेतले आणि आरोग्याची धुरा लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांच्याकडे आली. पीतज्वराच्या डासाचा शोध क्यूबाचे कार्लोस फिन्ले आणि अमेरिकेचे वॉल्टर रीड यांच्या नावावर आहे. हिवतापाशी लढण्याची दृष्टी मात्र रॉस यांच्या शोधातून मिळाली होती. डासांवर पैसा उधळण्याची कल्पनाच वरिष्ठांना हास्यास्पद वाटे. तरी गॉर्गस यांनी गटारे खोदली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. आपल्याकडे पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी दारोदार जाऊन कुंड्यांखालचे पाणी ओतून टाकायला सांगतात, तो उपाय याच शिकवणीतला.

1904 सालीच रॉस पनामाला जाऊन आले. कालवा पुरा होत आला तेव्हा गॉर्गस यांनी त्यांना पत्र पाठवून, तुमच्या शोधामुळेच हे काम शक्य झाले, अशा आशयाची कबुली दिली.

कीर्ती मिळूनही आपल्याला पुरेसा मोबदला मिळाला नाही, ही खंत रॉस यांना शेवटपर्यंत सलत राहिली. 1928 मध्ये त्यांनी आपली कागदपत्रे विकायला काढली. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. बेगमपेठेत जुन्या विमानतळाजवळची ती इमारत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.