वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर

परभणी जिल्ह्यातील खेड्यांतून फिरताना आईबाप आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. मुलगी शास्त्र शाखेतून बारावी झाली, डॉक्टरीस जागा मिळाली नाही, आता तिने महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र घेतले तर पुढे तिच्या हाती काय येईल, असा तो प्रश्न असतो. ज्यांची सारी मिळकत दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि ज्यांनी तिच्यावर कर्ज काढून मुलांस शिकविले, त्यांचा हा प्रश्न हलका नव्हे. केवळ उपदेश करून त्यांचे समाधान होणार नाही, म्हणून आम्ही एका मनुष्याचे चरित्र सांगतो.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म समुद्रकाठच्या मालवण गावी १८ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला. सुधारक गोपाळ गणेश आगरकर ते निराळे. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व पुढे तेथेच ते जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत पायी हिंडावे आणि झाडे, शेवाळ, पाण्यातील जीव गोळा करावे, असा त्यांचा क्रम असे. सातारा जिल्ह्यातील डोंगरी प्रवाहांत त्यांस गोड्या पाण्यात राहणारा, छत्रीसारखा पारदर्शक असा एक लहानसा जेलीफिश सापडला. त्याच्या कुळातील जीव तोपर्यंत केवळ आफ्रिकेत, टांगानिकासारख्या सरोवरांत, ठाऊक होते. १९१२ च्या सुमारास ही गोष्ट प्रसिद्ध झाली, तेव्हा या तरुण अध्यापकाचे नाव परदेशी विद्वानांच्याही कानी गेले. वनस्पतींच्या अभ्यासकाची पहिली कीर्ती एका प्राण्यामुळे झाली, हे मौजेचे खरे. परंतु जो ओढ्याकाठी वाकून नीट पाहतो, त्यास काय दिसेल याचा नेम नसतो.

त्याच सुमारास कलकत्त्याचे नामांकित वकील रासबिहारी घोष यांनी तेथील विद्यापीठास दहा लक्ष रुपये दिले. त्यातून प्राध्यापकांच्या ज्या जागा निघाल्या, त्या भारतीयांसच मिळाव्या अशी त्यांची अट होती. वनस्पतिशास्त्राची जागा आघारकरांस मिळाली. अधिक अभ्यासासाठी १९१४ साली ते जर्मनीस गेले, आणि तोच महायुद्ध पेटले. इंग्रजांचा प्रजाजन म्हणजे तेथे शत्रूचा मनुष्य. परतीची वाट बंद झाली व वर्षांमागून वर्षे गेली. घरापासून इतक्या दूर ती कशी काढली असतील, याची कल्पना आम्हांस करवत नाही. एवढे मात्र खरे की त्यांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिनचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ एंगलर यांच्या हाताखाली त्यांनी १९१९ साली डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष व खारवट जमिनीत उगवणारी झाडे, त्यांचे मूळ आणि त्यांच्या बियांच्या प्रसाराची साधने. कोणते बी वाऱ्यावर उडते, कोणते जनावराच्या केसांस चिकटते, हे गुराख्याच्या पोरासही ठाऊक असते. त्याच गोष्टी मोजून व पडताळून मांडल्या की त्यांचे शास्त्र होते.

परत आल्यावर सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी कलकत्त्यास अध्यापन केले. १९४६ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. निवृत्त मनुष्याने मालवणास जाऊन माड लावावे, असे कोणासही वाटले असते. परंतु ते पुण्यास आले आणि काही समविचारी मंडळींसह त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापिली. आरंभी संस्थेस स्वतःची इमारत नव्हती. विधि महाविद्यालयाच्या आवारात कामास सुरुवात झाली. १९६० च्या सप्टेंबरात निधन होईपर्यंत तेच तिचे संचालक होते. १९९२ साली संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

आता या चरित्राचा आमच्या जिल्ह्याशी संबंध काय, ते सांगतो. याच संस्थेने गहू व सोयाबीन यांचे नवे वाण काढले. सोयाबीनच्या ज्या वाणांच्या नावात एमएसीएस ही अक्षरे येतात, ती या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. सोयाबीनचे फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत फळते. म्हणून दोन वाणांचा संकर करावयाचा तर मुगाएवढी कळी चिमट्याने उघडून तिचे पुंकेसर काढावे लागतात व दुसऱ्या झाडाचे पराग तीत घालावे लागतात. त्यापुढे निवड करीत आठ-दहा वर्षे जातात. फुलाचे भाग महाविद्यालयात शिकावे लागतात ते उगाच नव्हे.

आणि पुण्यापर्यंत तरी कशास जावे? १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात भेंडीचा परभणी क्रांती हा वाण निघाला. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा जो रोग पांढरी माशी पसरविते व ज्यास शेतकरी केवडा म्हणतात, त्याने भेंडीचे शेत बसत असे. तेथील संशोधकांनी रोगास दाद न देणारी भेंडीची एक वेगळी भावकी शोधून तिच्याशी नेहमीच्या भेंडीचा संकर केला. पहिल्या पिढीतील झाडे बहुतांशी वांझ निघाली; पुन्हा पुन्हा संकर करून शेवटी फळणारे व टिकणारे झाड हाती आले. पुढे रोगानेही आपले रूप पालटले व त्या वाणाची प्रतिकारशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही, हेही लपविण्याचे कारण नाही.

तेव्हा त्या आईबापांस आमचे उत्तर असे आहे. बी काढण्याच्या कामाकडेच मुलीचा ओढा असेल तर बारावीनंतर कृषी पदवीची प्रवेशपरीक्षा द्यावी व पुढे वनस्पती प्रजननाचा अभ्यास करावा. हा मार्ग सर्वांत सरळ. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली तरी वाट बंद होत नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस जे विषय चालतात त्यांत हाही आहे. पदव्युत्तर अभ्यास करून राष्ट्रीय परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळविता येते. बियाणे कंपन्या, ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळा, भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पुण्यातील केंद्र, येथेही जाणकारांची गरज असते, आणि बी.एड. केल्यास शाळेत शिकविता येते. मात्र जागा थोड्या व उमेदवार फार, आणि नुसत्या पहिल्या पदवीवर यांतील फारच थोडी दारे उघडतात. पाच-सहा वर्षे शिकविण्याची घरची तयारी आहे की नाही, हे आईबापांनी मुलीस समोर बसवून, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे.