अंकांचा विश्वस्त

जमिनीचा भाव ठाऊक नाही असा मनुष्य पनवेल तालुक्यात शोधूनही सापडणार नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ च्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले आणि दि. बा. पाटील यांनी चालविलेल्या त्या लढ्याचे फळ म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांच्या पदरात पडले. उपजीविकेसाठी मिळालेले यांतील कितीतरी भूखंड कालांतराने बाजारात गेले. वापरासाठी दिलेली वस्तू विकता यावी काय, आणि विकली तर कोणत्या नियमाने, हा प्रश्न म्हणूनच येथील वाचकाला परका नाही. जुलै २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टा कंपनीचे प्रचंड विदागृह सुरू झाले, तेव्हा याच प्रश्नाचे दुसरे रूप आपल्या दारात आले. तेथील यंत्रांना वीज आणि पाणी लागते, त्याचप्रमाणे आयपी पत्तेही लागतात. आणि जुन्या पद्धतीचे हे पत्ते आज जमिनीइतकेच दुर्मिळ झाले आहेत. या पत्त्यांची वही ज्या गृहस्थाने आयुष्यभर सांभाळली, त्या जॉन पोस्टेल यांचे चरित्र या संदर्भात आठवणे उचित ठरेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजल्सच्या विद्यापीठात ते शिकत असताना, १९६९ मध्ये, तेथील संगणक अर्पानेट या जाळ्याला जोडला गेला. त्या जाळ्याचे नियम ठरविणाऱ्या टिपणांच्या मालिकेचे संपादन त्यांनी स्वीकारले आणि अखेरपर्यंत केले. कोणता अंक कोणाला दिला याची नोंद कोणीतरी ठेवणे भाग होते; ते कंटाळवाणे काम या दाढीधारी, साध्या राहणीच्या तरुणाने आपणहून अंगावर घेतले. प्रारंभी ही सारी नोंद एका वहीत मावत असे.

सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी संपादित केलेला इंटरनेटचा मूळ नियम प्रसिद्ध झाला. त्यात पत्त्याची लांबी ३२ अंकस्थानांची होती; म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. मूठभर संगणकांच्या त्या काळात हा साठा अक्षय वाटला आणि वाटपही सढळ हाताने झाले. एकेका विद्यापीठाला अथवा कंपनीला १ कोटी ६७ लाख पत्त्यांचे गट मिळाले. हौशी रेडिओचालकांनाही असा एक अख्खा गट देण्यात आला. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी दिलेही नाहीत. पोस्टेल यांच्या कारकिर्दीतील ही एक उणीवच म्हटली पाहिजे; मात्र ती लोभातून नव्हे, अल्पसंख्य सज्जनांच्या परस्परविश्वासातून आली होती.

टंचाईची चाहूल लागल्यावर त्यांनी भूमिका स्पष्ट केली. नोव्हेंबर १९९६ च्या ज्या मार्गदर्शक दस्तऐवजाचे ते एक लेखक होते, त्याने दोन तत्त्वे मांडली: पत्ता मिळाल्याने मालकी मिळत नाही, आणि एकाकडून दुसऱ्याकडे पत्ते जायचे असतील, तर नोंदणी संस्थेची संमती हवी व घेणाऱ्याने नव्या अर्जदाराप्रमाणेच आपली गरज सिद्ध केली पाहिजे. थोडक्यात, हस्तांतरास त्यांची ना नव्हती. बेहिशेबी हस्तांतरास होती.

तथापि, एका व्यक्तीच्या सचोटीवर उभी असलेली व्यवस्था किती नाजूक असते, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसले. जानेवारी १९९८ मध्ये त्यांच्या सूचनेवरून बारापैकी आठ मूळ नामसंगणक काही दिवस त्यांच्या यंत्राकडे वळले. त्यांनी ती चाचणी असल्याचे सांगितले. अमेरिकी सरकारच्या दडपणाखाली ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि लगोलग, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल निवर्तले. त्यांचे वय अवघे पंचावन्न होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. म्हणजे एका पत्त्यास सव्वाअकरा डॉलर. २०१९ मध्ये रेडिओचालकांच्या गटाचा चौथा हिस्सा ॲमेझॉनला १० कोटींहून अधिक डॉलरना विकला गेला. तो पैसा अनुदाने व शिष्यवृत्त्यांकडे वळला, हे खरे. परंतु जे फुकट मिळाले त्याचे मोल झाले, हेही तितकेच खरे.

बाजार नकोच, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः बाजारामुळेच पडून राहिलेले लक्षावधी पत्ते वापरात आले, आणि उघड बाजार बंद केला तर चोरटा व्यवहार फोफावेल. परंतु बाजाराला सातबारा लागतो. आफ्रिकेच्या नोंदणी संस्थेत लक्षावधी पत्ते परस्पर हडप झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि २०२१ पासूनच्या कज्जांनी ती संस्था कित्येक वर्षे लुळी पडली. सातबाराच बिघडला, तर विकणारा व घेणारा दोघेही बुडतात.

भारतात ही नोंद २०१२ पासून आयआरआयएनएन ही संस्था ठेवते. आशियात नव्या सदस्याला २०१९ पासून जास्तीत जास्त ५१२ जुने पत्ते मिळतात. मोठ्या विदागृहाचा मालक उरलेले बाजारातून घेईल. उरण वा कर्जतकडील एखाद्या लहान सेवादात्याला मात्र एका पत्त्यामागे अनेक ग्राहक दाटीवाटीने बसवावे लागतात. याला खरा उतारा १२८ अंकस्थानांच्या नव्या पत्त्यांचा आहे आणि तो पोस्टेल हयात असतानाच तयार झाला होता. पण जुन्या पत्त्यांची गरज सरेपर्यंत घेणाऱ्याची निकड तपासली जावी, प्रत्येक हस्तांतर सर्वांना पाहता यावे आणि साठेबाजाला वाव राहू नये, एवढी अपेक्षा गैर नाही. भूखंड गेल्यावर कागदाचे मोल कळलेल्या पनवेलकरांनी तरी ती आग्रहाने मांडली पाहिजे.