मुक्या चित्रांना वाचा देणारा शांपोलियों

बल्लारपूर : वर्धा नदीकाठी गोंडकालीन किल्ला मिरविणाऱ्या या परिसरात आजीच्या हातापायांवर हिरवट गोंदण दिसते, तर नातवाच्या दंडावर इजिप्तचा ‘अंख’ किंवा होरस देवतेचा डोळा. अंख म्हणजे जीवन, होरसचा डोळा म्हणजे रक्षण, हे आज कोणीही सांगेल. मात्र दोनशे वर्षांपूर्वी ही लिपी वाचणारा एकही माणूस पृथ्वीवर नव्हता. ती वाचा परत मिळवून देणारा विद्वान म्हणजे झाँ-फ्रान्स्वा शांपोलियों.

फ्रान्समधील फिजाक या गावी २३ डिसेंबर १७९० रोजी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या झाक-जोसेफ या भावाने त्याला शिकविले आणि पुढे आयुष्यभर सांभाळले. ग्रनोबलला शिकत असताना त्याने हिब्रू, अरबी अशा अनेक भाषा आत्मसात केल्या. त्याचा विशेष जीव जडला तो कॉप्टिकवर. प्राचीन इजिप्शियन भाषेचेच ते उत्तरकालीन रूप होय. अठराव्या वर्षी तो ग्रनोबल येथे इतिहासाचा प्राध्यापक झाला. नेपोलियनचा पक्ष घेतल्याने पुढे नोकरी गेली, हद्दपारीही सोसावी लागली.

इजिप्तमध्ये १७९९ साली सापडलेल्या रोझेटा शिलेवर एकच राजाज्ञा चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलेली होती. ही चित्रे केवळ गूढ कल्पनांची प्रतीके आहेत, असा शतकानुशतकांचा समज होता. इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी काही चिन्हांचे उच्चार ताडले. पण पूर्ण उलगडा झाला नाही. राजांची नावे लंबगोल चौकटीत लिहीत. शांपोलियोंने ‘टॉलेमी’ आणि ‘क्लिओपात्रा’ या नावांतील समान चिन्हे जुळविली. पुढे ‘रामसेस’ हे अस्सल इजिप्शियन नावही वाचता आले आणि या लिपीत ध्वनी व अर्थ दोन्ही एकत्र नांदतात, हे सिद्ध झाले. २७ सप्टेंबर १८२२ रोजी पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे हा शोध मांडला गेला.

१८२८-२९ मध्ये त्याने इजिप्तची भूमी पाहिली. ४ मार्च १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी तो निवर्तला. अपुरे राहिलेले व्याकरण थोरल्या भावाने १८३६ पासून प्रसिद्ध केले.

टॅटू काढणाऱ्यांनी त्याच्या शोधातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. या लिपीत स्वर लिहीत नसत. त्यामुळे तक्त्यावरून उतरविलेले मराठी नाव ढोबळच ठरते. पशुपक्ष्यांची तोंडे ज्या दिशेला, त्या बाजूने वाचनास आरंभ होतो. एखादाच पक्षी उलटा फिरला तरी ओळ बिघडते.

इजिप्तलाही गोंदण नवे नव्हते. अमुनेत या पुजारिणीच्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ममीवर ठिपक्यांच्या व रेघांच्या ओळी आढळल्या आहेत. आपल्याकडील गोंड स्त्रियांच्या गोंदणातही ठिपके आणि रेघाच असतात. दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी त्यांची श्रद्धा.

चित्रलिपीतील अखेरचा ज्ञात दिनांकित लेख इसवी सन ३९४ चा. त्यानंतर जाणकार संपले आणि चित्रे चौदा शतके मुकी राहिली. रोझेटा शिला होती म्हणून ती पुन्हा बोलू लागली. आजीच्या गोंदणाची अशी कोणतीही शिला नाही. त्यातील कोणत्या ठिपक्याचा अर्थ काय, हे तिलाच विचारावे लागेल आणि ती आहे तोवरच विचारावे लागेल.