फिरोजशाह मेहता

सर फिरोजशाह मेरवानजी मेहता (४ ऑगस्ट १८४५ – ५ नोव्हेंबर १९१५) हे बॅरिस्टर, मवाळ पक्षाचे राष्ट्रीय नेते आणि मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष होते. मुंबईच्या नागरी स्वराज्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. १९३१ पूर्वी महापौर हे पदनाम रूढ नव्हते. पालिकेच्या प्रमुखास अध्यक्ष म्हणत.

बालपण आणि शिक्षण

फिरोजशाहांचा जन्म मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. १८६४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीने मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांचा सहवास त्यांना लाभला. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले व त्यांनी वकिली सुरू केली.

नगरसुधारणेचा वाद

त्या काळी शहराचा कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होता. मंडई, रस्ते व आरोग्याची अनेक कामे त्यांनी केली. मात्र खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. कमिशनरचे अधिकार काढून ते एखाद्या मंडळाकडे सोपवावेत, असा लोकमताचा कल होता. फिरोजशाहांनी याविरुद्ध भूमिका घेतली. त्यांच्या मते दोष एका अधिकाऱ्याच्या हाती सत्ता असण्यात नव्हता. त्या सत्तेला जाब विचारणारी लोकनियुक्त सभा नसणे हा खरा दोष होता. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याने करावा व त्याच्यावर निवडून आलेल्या सभासदांचे नियंत्रण असावे, असे त्यांनी मांडले.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ सभासद करदाते निवडत. उरलेल्यांत १६ जस्टिस ऑफ द पीस यांनी निवडलेले व १६ सरकारनियुक्त असत. मताधिकार करदात्यांपुरता असल्याने बहुसंख्य कष्टकरी त्याबाहेरच राहिले.

पालिकेतील कार्य

फिरोजशाह १८८४ व १८८५ अशी सलग दोन वर्षे आणि पुढे १९०५ मध्ये पालिकेचे अध्यक्ष झाले. नव्या पालिका कायद्याचा मसुदा मुंबई विधिमंडळात आला तेव्हा त्यांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह पालिकेचे अधिकार अबाधित राखण्यासाठी प्रयत्न केले. १८८८ च्या या कायद्याने पालिका, स्थायी समिती व आयुक्त यांच्या अधिकारांची आखणी केली. अनेक दुरुस्त्यांसह तो कायदा आजही मुंबईस लागू आहे. पोलिसांच्या खर्चाचा बोजा शहरावर टाकण्यासही त्यांनी दीर्घकाळ विरोध केला.

१९०७ च्या निवडणुकीत त्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी काही युरोपीय अधिकाऱ्यांनी व त्यांच्या समर्थकांनी गट उभा केला. जस्टिसांच्या १६ जागांसाठी झालेल्या मतदानात फिरोजशाह सतराव्या क्रमांकावर राहिले. शहरात निषेध उमटला. पुढे निवडून आलेल्या एका सभासदाची निवड रद्द ठरल्याने त्यांना जागा मिळाली.

राष्ट्रीय राजकारण

१८८५ मध्ये तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीच्या निषेधार्थ त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह विधिमंडळातून सभात्याग केला. १९०४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

१९०७ च्या सुरत अधिवेशनातील फुटीच्या वेळी ते मवाळांचे प्रमुख नेते होते. अधिवेशन नागपूरहून सुरतेस हलविण्यावरून आणि एकहाती नेतृत्वावरून जहाल पक्षाने त्यांच्यावर कठोर टीका केली. पालिकेत अधिकाऱ्यांच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध झगडलेल्या या नेत्यावर पक्षात मात्र तोच आक्षेप घेतला गेला.

१९११ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक सुरू केले, बी. जी. हॉर्निमन त्याचे संपादक होते.

निधन आणि स्मारके

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. फोर्ट भागातील एका रस्त्यास, तसेच मलबार हिलवर शहराच्या जलाशयावर उभारलेल्या हँगिंग गार्डनला त्यांचे नाव देण्यात आले आहे.