रमाबाईंचे तारण

मराठीत ‘तारण’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. कर्ज देताना सावकार जे अडकवून ठेवतो ते तारण. आणि ख्रिस्ती मंडळी पापापासूनच्या ज्या सुटकेची वाट पाहतात तेही तारणच. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकले ते १८९६ च्या अखेरीस. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. पुण्यातील त्यांचे शारदासदन अमेरिकेतील देणगीदारांच्या दहा वर्षांच्या हमीवर चालले होते आणि त्या मुदतीतले जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष उरले होते. हमी होती ती उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी; दुष्काळी मुलखातून उपाशी मुली आणण्याची तरतूद तीत नव्हती. अशा वेळी हिशेबी माणसाने घरात बसणेच इष्ट. रमाबाई निघाल्या.

हे धाडस भाबडेपणातून आले असे म्हणावे, तर ज्या बाईने भाबड्या श्रद्धेचे फळ स्वतःच्या घरात पाहिले होते तिच्याविषयी ते म्हणावे लागेल. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे आपल्या पत्नीला संस्कृत शिकविण्याइतके धीट होते. पण देवाधर्माच्या बाबतीत त्यांचा व्यवहार निराळा होता. जवळचा पैसा दानधर्मात आणि तीर्थयात्रांत गेला. पुराणे सांगत गावोगाव हिंडणाऱ्या या कुटुंबाला मद्रास इलाख्यातील दुष्काळाने गाठले, तेव्हा हाती द्रव्य नव्हते, कसब नव्हते आणि मजुरी करणे प्रतिष्ठेला साजेसे नव्हते. भांडीकुंडी विकली गेली. अनुष्ठाने केली, व्रते केली, मूर्तींपुढे धरणे धरले. शेवटी अकरा दिवस रानातल्या पाल्यावर, पाण्यावर आणि मूठभर रानखजुरांवर काढण्याची पाळी आली. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी त्यानंतर देशभर हजारो मैलांची पायपीट केली आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले तेव्हा दोघांचीही जुनी श्रद्धा उडालेली होती.

त्या श्रद्धेत एक देवघेवीचा करार गृहीत होता : इतके अर्पण करावे, तितके पावावे. तो करार फसला. पुढे रमाबाईंनी ख्रिस्ती देवावर जो विश्वास ठेवला, त्याकडे पाहताना ही फसगत विसरून चालणार नाही.

कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. अठरा पुराणांत वाढलेल्या या पंडितेला त्या संस्कृतातले काहीच उमगले नाही. भाषा ओळखीची आणि तिच्यातून बोलणारे जग अनोळखी! ग्रंथ बाजूला पडला. १८८० मध्ये बंधू वारल्यावर त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला आणि आसामातील सिल्चर येथे संसार थाटला. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ही भाषा नव्याने शिकलेली, पण जिवंत, बोलती होती. यावेळी वाचन पुढे सरकले. एका बाप्तिस्त मिशनऱ्याने उत्पत्तीचे पुस्तक समजावून दिले. पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे मेधावींना रुचणारे नव्हते, परंतु तो वाद वाढण्यापूर्वीच १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर मनोरमा.

पुण्यातील आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ची विक्री आणि १८८३ मधले विलायतगमन हा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात गहजब झाला. त्या परधर्माच्या दडपणाला बळी पडल्या, असा समज येथे पसरला. वाँटेजच्या जोगिणींचा अनुभव नेमका उलट होता. ही नवदीक्षित शिष्या ऐकेना. त्रैक्याचा सिद्धान्त शास्त्रात नेमका कोठे सांगितला आहे, चर्चने ठरविले म्हणून ते मी का मानावे, असे प्रश्न ती सिस्टर जेराल्डिन यांना पत्रामागून पत्रे पाठवून विचारीत राहिली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा सल्ला हिंदुस्थानातील बिशपांनी दिला तेव्हा तिने तो निक्षून नाकारला. ब्राह्मणांच्या निर्णयाधिकारातून सुटून बिशपांच्या निर्णयाधिकारात जाण्यासाठी तिने घरदार सोडलेले नव्हते. धर्मग्रंथ स्वतः वाचीन आणि त्यात जितके सापडेल तितकेच मानीन, ही तिची भूमिका होती. आणि तिचा विश्वास वाढला तोही याच गतीने, पान उलटेल तसा. वाचकाला ही गती फार मंद वाटेल. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना असे जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. हा कबुलीजबाब त्यांनी पुढे स्वतःच प्रसिद्ध केला.

तोवर त्या हिंदुस्थानात परतल्या होत्या. बोस्टनला १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती आणि तिच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, ही अट होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. या वादात सर्व दोष पुण्याच्या सनातन्यांच्या पदरी बांधण्याची आता पद्धत पडली आहे. ती न्याय्य नाही. पालकांनी मुली पाठविल्या त्या तटस्थतेच्या वचनावर, आणि उघड्या दाराने ते वचन पाळले जात होते काय, हा प्रश्न रास्त होता. मात्र या साऱ्या वादात पालक बोलले, समिती बोलली, वृत्तपत्रे बोलली. ज्या विधवा मुलींच्या आयुष्याचा तो प्रश्न होता त्यांना कोणी विचारले नाही, हेही नमूद करावयास हवे.

हमी संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंनी पुष्कळ आधी केला होता. त्यांनी पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळबाग लावली, विहिरी खणावयास घेतल्या. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा सरळ आडाखा होता. त्याच सुमारास त्यांच्या वाचनात जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले. ब्रिस्टल येथे म्यूलर यांनी हयातीत दहा हजारांवर अनाथ मुले सांभाळली, आणि कोणाही माणसाकडे पैसा मागावयाचा नाही, केवळ देवाकडे मागावयाचा, हा त्यांचा नेम होता. परंतु हेच म्यूलर दरवर्षी पैन् पैचा हिशेब छापून प्रसिद्ध करीत. हिंदुस्थानात असे करून पाहता येईल का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घोळू लागला.

दुष्काळाने तो निकडीचा केला. मध्य प्रांतातील धर्मशाळांत आणि मदतकेंद्रांवर त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. त्या मुलींना पळवून नेण्यासाठी टपलेली माणसेही पाहिली. वीसएक वर्षांपूर्वी त्या स्वतः याच अवस्थेत होत्या. हाती पैसा तुटपुंजा होता. तरीही तेथून टप्प्याटप्प्याने सुमारे तीनशे मुली आल्या. त्यातच पुण्यात प्लेग, शहरात नव्या मुली ठेवण्यास मनाई! मग उत्पन्नासाठी घेतलेली केडगावची जमीनच निवाऱ्याला उपयोगी पडली. प्रथम तंबू आणि झोपड्या, मागाहून इमारती. या वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली.

दोन हजार तोंडे म्हणजे लहानसे गाव. त्या गावाला दररोज धान्य लागते, जळण लागते, अंगावर कपडा लागतो, आणि महाराष्ट्राच्या त्या कोरड्या पट्ट्यात सर्वांआधी पाणी लागते. यातील एकही गोष्ट रमाबाईंनी चमत्कारावर सोडली नाही. शेती होती, दूधदुभते होते, माग होते, तेलाची घाणी होती, शिवणकाम होते, छापखाना होता. आणि ही कामे मुली व बायका करीत. कामाची ही सक्ती मिशनरी शिस्तीतून आली असे कोणी म्हणेल. तिचे मूळ त्याहून जुने दिसते : कसब हाती नसल्याने जे कुटुंब पाला खाऊन मेले, त्या कुटुंबातली ही मुलगी होती. आंधळ्यांसाठी ब्रेलचे वर्ग निघाले, वृद्धांसाठी निराळे घर बांधले गेले. आलेला पैसा व झालेला खर्च छापला जाई.

येथे एक खुलासा अवश्य आहे. ‘मुक्ती’चा संसार पूर्णपणे हमीविना चालला, हे भक्तांचे म्हणणे अक्षरशः खरे नव्हे. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, जुने मंडळ नव्या रूपात उभे राहिले आणि मदत येत राहिली. परदेशी वाचकांसाठी निघणाऱ्या पत्रकांतून केडगावच्या गरजा कळत होत्या; आणि गरज कळविणे व पैसा मागणे यांतली रेघ बारीक असते. पण देणगीदारांच्या मुदतबंद करारावर चालणारी संस्था आणि उद्याच्या आवकेची शाश्वती नसताना आज दार बंद न करणारी संस्था, यांत मूलभूत फरक आहे. विश्वास हा शब्द रमाबाई या दुसऱ्या अर्थाने वापरीत. १९०५ मध्ये ‘मुक्ती’त प्रार्थनेची जी प्रचंड लाट उसळली, मुली रात्ररात्र रडत प्रार्थना करीत राहिल्या, तिचे वर्णन ख्रिस्ती जगात दूरवर गेले. बाहेरच्यांना तो उन्माद वाटला. त्याच सुमारास त्याच आवारात सुरू झालेले दुसरे काम अधिक टिकाऊ होते.

ते काम बायबलच्या मराठी भाषांतराचे. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते, परंतु त्याची भाषा संस्कृतप्रचुर. दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या मुलींना ती पेलत नसे. कलकत्त्यात संस्कृत बायबल मिटवून ठेवणाऱ्या पंडितेला ही अडचण कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून साध्या बोलीत भाषांतर करू लागल्या. ज्यांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येतो असे शब्द त्या कटाक्षाने टाळीत, त्यामुळे हे मराठी काही ठिकाणी अवघडून गेले आहे, आणि साहित्य म्हणून त्याचे कौतुक करणे कठीण आहे. पण ज्या स्त्रीच्या विद्वत्तेचे सारे वैभव संस्कृतात होते, तिने ते वैभव बाजूला ठेवून कुणब्याच्या मुलीला कळेल असे वाक्य शोधीत सोळा-सतरा वर्षे घालवावीत, याला तोड नाही. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, छपाई, बांधणी हे सर्व ‘मुक्ती’च्या छापखान्यातच होई, आणि ते करणाऱ्या बहुतेक जणी एके काळी उपाशी अवस्थेत तेथे आलेल्या होत्या.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. जिच्यावर संस्था सोपवावयाची ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, आईच्या आधी गेली. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी गेल्यावरही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. प्रकृती ढासळत होती, ऐकू येणे बरेच कमी झाले होते. भाषांतराचे काम हातावेगळे झाले आणि लगोलग, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून बांधून बाहेर पडला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये.