धर्मशाळेचा हिशेब आणि गाडगे महाराज

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भिगवण मागे पडले की पळसदेव लागते. भीमेवर उजनीचे धरण झाले आणि 1980 च्या सुमारास जुने गाव जलाशयाच्या पोटात गेले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले तर पळसनाथाचे पुरातन मंदिर वर येते आणि ते पाहावयास लोकांची रीघ लागते. रस्त्यालगत खानावळी आहेत, लॉज आहेत. मासळीच्या जेवणासाठी मोटारी थांबतात. खिशात पैसा असलेल्या प्रवाशाची या वाटेवर आबाळ होत नाही. दक्षिणेस काही कोसांवरून मात्र दर आषाढात दुसराच प्रवासी जातो. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी वाट तुडवीत तुकोबांच्या पालखीबरोबर चालणारा हा वारकरी शाळेच्या ओसरीवर, देवळात, तंबूत आणि पुष्कळदा उघड्या आभाळाखाली रात्र काढतो. मुक्कामाची सोय करून देणे हा ज्यांचा धंदा आहे, त्यांच्या खातेवहीत त्याला पान नाही. हाच प्रवासी ज्यांनी आयुष्यभर डोळ्यांपुढे ठेवला, त्या गाडगे महाराजांचे स्मरण आपण स्वच्छतेच्या निमित्ताने करतो. निवाऱ्याच्या निमित्ताने क्वचितच करतो.

हॉटेलचा धंदा एका साध्या सत्यावर उभा असतो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. भाजीपेक्षाही हा माल अधिक नाशवंत. म्हणून गर्दीच्या दिवसांत भाडे चढवावयाचे आणि ओस दिवसांतील तूट भरून काढावयाची, हे ओघानेच येते. त्यात मालकाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. परंतु तीर्थक्षेत्री आणि इस्पितळाच्या दारी याचा परिणाम असा होतो, की माणसाला आसऱ्याची निकड ज्या दिवशी सर्वांत अधिक, त्याच दिवशी तो सर्वांत महाग होतो. धर्मशाळेने नेमके हेच उलटे करावयाचे असते. मग बांधकामाचा पैसा कोठून येणार, वर्षभर झाडलोट कोण करणार, डागडुजी कोणाच्या खर्चाने होणार? राजेरजवाड्यांनी आणि शेठसावकारांनी या देशात धर्मशाळा काही थोड्या बांधल्या नाहीत. अहिल्याबाई होळकरांचे नाव तर काशीपासून रामेश्वरापर्यंत घेतले जाते. पण पुष्कळ ठिकाणी दात्याच्या वंशजांनी खोल्या अडवल्या, कोठे दुकाने थाटली गेली, आणि अनेक दारांवर जातीची पाटी आधीपासूनच होती.

अशा परिस्थितीत जो मनुष्य या कामाला लागला, त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काहीच नव्हते. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले, तेव्हा आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे मामाच्या घरी गुरे राखीत आणि शेती करीत डेबूजी वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मात्र सावकाराचा कागद अडाणी कुणब्याचे शेत कसे गिळतो, हे घरातच पाहिले. 1905 साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि फुटके गाडगे. त्या गाडग्यातच भाकरी घ्यावयाची, त्यातच पाणी प्यावयाचे. लोकांनी त्यावरूनच नाव पाडले.

गावात शिरताच आधी रस्ता झाडावयाचा आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा क्रम पुढे अर्धशतक चालला. कीर्तनात कर्ज काढू नये, देवाला बकरे मारू नये, दारूला शिवू नये, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवावे, एवढेच सांगणे. तरुण मुलाच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हाही चालू कीर्तन थांबले नाही, हा प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या कठोरपणाचे कौतुक करताना घरी राहिलेल्या कुंताबाईंच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार चरित्रकारांनी जरा अधिक करावयास हवा होता.

पंढरपुरात त्यांना जे दिसले ते आज कल्पनेनेही उभे करणे अवघड आहे. यात्रेकरू बडव्या-उत्पातांच्या वाड्यांत, मठांत, फडांत उतरत. अस्पृश्य वारकऱ्याला त्यांपैकी एकही दार उघडे नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वाराशी, आणि चोखोबांच्या जातीचा माणूस वाळवंटात पावसात भिजत बसलेला. गाडगे महाराजांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. राहण्याचे दार त्याच्या कितीतरी आधी उघडलेले होते. देवदर्शनाआधी माणसाला पाठ टेकावयास जागा हवी, हे ज्ञान शास्त्रात मिळत नाही. पुढे 1949 मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंसाठी बांधलेले घर विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणार असेल, तर ते धरून ठेवण्याचा मोह त्यांना झाला नाही.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांच्या धर्मशाळा झाल्या. नदीकाठी घाट, अन्नछत्रे, गोरक्षण, शाळा, वसतिगृहे ही कामे वेगळीच. पैसा येई तो कीर्तनाच्या श्रोत्यांकडून आणि मुंबई-विदर्भातील व्यापाऱ्यांकडून. पण तो स्वतः हाताळावयाचा नाही, हिशेब विश्वस्तांनी ठेवावयाचा, हा दंडक. या मालमत्तेवर आपल्या नातेवाइकांचा काडीइतकाही हक्क राहू नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. स्वतः त्या इमारतींच्या खोलीत न निजता बाहेर कोठेतरी पथारी पसरावयाची, ही त्यांची रीत. हॉटेलमालक आपल्या हॉटेलात राहिला तर एका खोलीचे भाडे बुडते. संस्थापक धर्मशाळेत राहू लागला तर सारी संस्थाच बुडण्याचा मार्ग मोकळा होतो. जुन्या धर्मशाळा कोठे ढासळल्या हे या निरक्षर माणसाला विद्वानांपेक्षा चांगले उमगलेले दिसते. 1952 साली गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन साऱ्या कामाला एक व्यवस्था लाभली.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष तीर्थांवरून इस्पितळांकडे वळले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यातून आणलेल्या रोग्याला खाट मिळे. त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारा बाप, कडेवरचे पोर यांना पदपथाखेरीज आसरा नसे. शहरातल्या लॉजचे आठ दिवसांचे भाडे म्हणजे त्यांच्या शेताचे वर्षाचे उत्पन्न. म्हणून रुग्णालयाजवळच रोग्यांच्या आप्तांसाठी धर्मशाळा झाली. महाराजांच्या पश्चात दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा उभी राहिली, तेथे परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारी माणसे उतरतात. कर्करोगाचे उपचार महिनोन्महिने चालतात आणि कित्येक घरांत मुक्कामाचा खर्च न झेपल्यामुळेच ते अर्धवट सुटतात. या ठिकाणी खोलीचे भाडे हा औषधाचाच भाग होऊन बसतो.

पन्नाशीच्या दशकात मधुमेहाने त्यांची प्रकृती ढासळली, तरी फिरणे थांबले नाही. 6 डिसेंबर 1956 रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच गाडगे महाराजांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीला आहे.